चार पोर्शन, एक पाइप: गरम पाण्याच्या नळाचं अर्थिंग

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर आजोबांच्या काळातलं. आता त्याचे चार पोर्शन आहेत. खाली पुढे काका, खाली मागे काकांचे भाडेकरू, वर पुढे आई आणि मी, आणि वर मागचा भाग चुलत आजोबांच्या मुलांचा. ते पुण्याला असतात, तिथे कुलूपच असतं. विजेचे मीटर चार, बोर्ड चार, पाणी मात्र एकत्र. गच्चीवरच्या टाकीतून निघालेला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, एक इंची पाइप चारही बाथरूमना शिवत खाली उतरतो आणि सोलर हीटरचा गरम पाण्याचा पाइप त्याच्या शेजारून. वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या, जिना वाटला, गच्चीसुद्धा वाटली. पाइप वाटायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि ही सगळी हकीकत त्या पाइपाचीच आहे.

गेल्या थंडीत आई म्हणायला लागली की नळ सोडताना हाताला मुंग्या येतात. दिवसभर नाही, फक्त सकाळी. पायात चपला असल्या तर नाही. आमचा गीझर बंद असला तरी येतात, असं म्हणाली तेव्हा मात्र मी कान टवकारले. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, ढगाळ दिवस असला की सोलरचं पाणी कोमटच राहतं, त्यामुळे सकाळी सहा ते आठ राहत्या तिन्ही पोर्शनमध्ये गीझर चालू असतात. आईच्या मुंग्यांची वेळही नेमकी हीच.

गल्लीतल्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने नळाला टेस्टर लावला, टेस्टर मिणमिणला. "दीदी, नल को अर्थिंग से बाँध देते हैं, झंझट खतम," असं म्हणून तो लगेच वायर मोजायला लागला. मी विचारलं, पण करंट येतोय कुठून? तो म्हणाला, कुठूनही येवो, जमिनीत निघून जाईल. हे ऐकायला फार बरं वाटतं. आठवीच्या विज्ञानात शिकलेला ओहमचा नियम एवढंच माझं विजेचं शिक्षण, पण तेवढ्यावरही या उत्तरात काहीतरी राहून गेलंय असं वाटलं. मी त्याला चहा पाजून थांबवलं आणि भावाच्या ओळखीच्या एका माणसाला फोन केला. तो गच्चीवरच्या सोलर पॅनेलची अर्थिंग तपासून देण्याचं काम करतो, त्याच्याकडे खरी मोजमापाची यंत्रं असतात.

हा माणूस रविवारी सकाळी साडेसहाला आला, गीझर चालू असतानाच बघायचं म्हणून. त्याने पहिल्यांदा बाथरूमच्या मोरीच्या जाळीपाशी ओल्या फरशीवर एक टोक आणि नळावर दुसरं टोक ठेवून मीटर लावला. ६६ व्होल्ट. मग मीटरचा खटका फिरवून पुन्हा मोजलं, तर ५१. हा दुसरा आकडा बघून तो गंभीर झाला. त्याने समजावलं ते असं: साधा मीटर इतका कमी करंट ओढतो की नुसत्या भुताटकीच्या व्होल्टेजलाही तो खरा मानतो. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या पोटात गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेली नसेल तर त्यांच्यामुळे यंत्राच्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. हात लावला तर चुणचुणतं, पण त्यात दम नसतो. मीटरचा दुसरा मोड मुद्दाम थोडा करंट ओढतो. त्यात भुताटकी शून्यावर येते. आमची ६६ वरून ५१ वरच आली, म्हणजे मागे खरी गळती होती. ओल्या अंगाचा रोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. एवढ्या व्होल्टेजला त्यातून पंचवीस-तीस मिलिअँपिअर सहज जातात. आणि दहाच्या पुढे गेलं की स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही. आईच्या चपला तिला वाचवत होत्या.

मग आमचा मेन बंद केला. पूर्ण अंधार, फ्रिज बंद, पंखे बंद. मीटर पुन्हा लावला. नळावर आकडा तोच.

म्हणजे करंट आमच्या घरचा नव्हताच. तो पाइपातून पाहुणा आला होता.

पुढचं काम सोपं होतं, पण नाजूक. मी वर मीटर धरून उभी, वहिनी खाली काकांच्या बोर्डापाशी, दोघींचे फोन चालू. वहिनी एकेक एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, पाडायच्या आणि ओरडून सांगायच्या. पंख्यांची पाडली, काही नाही. किचनची पाडली, काही नाही. गीझरची पाडली आणि मीटर शून्यावर. पुन्हा वर केली, पुन्हा ६६. काका खाली पेपर वाचत होते, त्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. "माझाच गीझर कशावरून?" ते म्हणाले. "मला तर कधी काही झालं नाही." त्यांना झालं नव्हतं हे खरंच होतं, कारण काका थंडीतसुद्धा रबरी स्लिपरशिवाय बाथरूममध्ये पाऊल टाकत नाहीत. शेवटी त्यांना वर आणून, मीटर त्यांच्या हातात देऊन, वहिनींना पुन्हा खटका पाडायला लावला. त्यावर काका काही बोलले नाहीत, पण "मग बदला" म्हणाले. आमच्या घरात ही मोठीच गोष्ट.

गीझर उतरवून एलिमेंट बाहेर काढलं तेव्हा त्यावर क्षारांचा जाड थर होता. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदूरला येतंय, पण ते रोज येत नाही, आणि मधल्या दिवसांत घराघरात बोअरिंगचं पाणी टाकीत पडतं. ते चांगलंच जड असतं. थर साचला की एलिमेंटची उष्णता पाण्यात उतरत नाही, ते आतल्या आत तापतं, वरच्या तांब्याच्या नळीला तडा जातो, आणि आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरतं. ही भुकटी कोरडी असताना उत्तम इन्सुलेटर, भिजली की संपलं. मेगरने ५०० व्होल्ट लावून एलिमेंट आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजला, तर काटा शून्याला चिकटलेला. किमान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम तरी हवा. साध्या मीटरने मोजल्यावर तो सुमारे तीन हजार ओहम निघाला.

इथपर्यंत प्रश्न होता की गळती कुठे आहे. आता खरा प्रश्न: काकांच्या गीझरमधली गळती आमच्या नळाला कशी आली?

काकांच्या गीझरच्या पाठीमागे हिरवी वायर होती. ती बोर्डापर्यंत गेलीच नव्हती. गीझरच्या मागच्या थंड पाण्याच्या पाइपाला तिचे तीन-चार वेढे देऊन वर काळी टेप मारलेली. आमचाही गीझर तसाच. भाडेकरूंचाही तसाच. घराला गीझर आले त्या काळी ही सर्रास पद्धत होती, आणि त्या काळी ती चालतही होती, कारण आमचा पाइप थेट गल्लीतल्या लोखंडी लाइनला जोडलेला होता आणि ती लाइन सगळ्या मोहल्ल्याच्या पोटातून जमिनीत पसरलेली. त्याच्याइतका चांगला अर्थ कुठला खड्डा देणार? पुढे गल्लीत नवी लाइन पडली, मीटरपासून हौदापर्यंतचं कनेक्शन काळ्या प्लास्टिकच्या पाइपाचं झालं, हौदातून टाकीत चढणारा पाइपही सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचाच झाला. पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं, म्हणून कोणी विचार केला नाही. पण त्या दिवसापासून घरातलं सगळं जीआय पाइपांचं जाळं जमिनीपासून तुटलं. भिंतींच्या ओलीतून थोडंफार जमिनीला टेकलेलं, बाकी अधांतरी. आणि त्या अधांतरी जाळ्याला तीन घरांनी आपापल्या गीझरची अर्थ बांधलेली.

आता गल्लीतल्या मिस्त्रीच्या उपायाकडे परत येते, कारण तो उपाय अर्धा बरोबर होता आणि म्हणूनच जास्त धोक्याचा होता. विजेच्या मीटरच्या मागे तुळशीपाशी अर्थिंगचा एक जुना खड्डा होता. त्याची वायर आमच्या आणि काकांच्या मेन बोर्डापर्यंत येऊन थांबलेली. मिस्त्री म्हणत होता तसं नळाचा पाइप त्या खड्ड्याला जोडला असता तर मुंग्या त्याच क्षणी थांबल्या असत्या. गळती तीन हजार ओहममधून, म्हणजे जेमतेम ७५ मिलिअँपिअर, ती खड्ड्यात गेली असती आणि नळावर तीनेक व्होल्ट उरले असते. आई खूश, मिस्त्री खूश. एलिमेंट मात्र कुजतच राहिलं असतं, आणि एक दिवस पूर्ण शॉर्ट झालं असतं. त्या दिवशी काय झालं असतं, ते खड्ड्यावर अवलंबून.

म्हणून खड्डा मोजला. यासाठी मेन बंद करून खड्ड्याची वायर बोर्डापासून सोडवावी लागते. मग दोन लोखंडी खिळे जमिनीत ठोकून, लांबच्या खिळ्यातून करंट पाठवतात आणि मधल्या खिळ्यावर व्होल्टेज मोजतात. मधला खिळा एकूण अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर. आमची गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटची, खिळा ठोकणार कुठे? शेवटी शेजारच्यांच्या बागेत एक आणि त्यांच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर दुसरा. शेजारच्या आजींना वाटलं बोअरिंगची जागा बघतोय. आकडा आला ३८ ओहम.

३८ म्हणजे काय ते त्या माणसाने वहीच्या पानावर लिहून दिलं. पूर्ण शॉर्ट झालं तर २३० भागिले ३८, म्हणजे सहा अँपिअर. गीझरची एमसीबी १६ अँपिअरची. दोन हजार वॅटचा गीझर नीट चालतानाच जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. सहा अँपिअर गळले तर एमसीबीला ते कळणारसुद्धा नाही, ती आनंदाने चालू राहील. करंट मातीतून गल्लीच्या टोकाच्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, परतत राहील. डीपीचा न्यूट्रल तिथे जमिनीत उतरवलेला असतो आणि तिथला रोध कमी असतो. म्हणजे २३० मधले बहुतेक सगळे व्होल्ट आमच्या खड्ड्यावरच पडणार. त्या खड्ड्याला जे जे जोडलेलं आहे, गीझरची बॉडी, फ्रिजचा दरवाजा, आणि मिस्त्रीचं ऐकलं असतं तर चारही बाथरूममधले नळ, ते सगळं दोनशे व्होल्टवर. हे वाचून मी पान दोनदा वाचलं. अर्थ जोडली की सुरक्षित, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कच्ची अर्थ एका घरची गळती चौघांच्या नळांना वाटून देते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे कामाचा क्रम ठरला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात क्रमच महत्त्वाचा होता. आधी प्रत्येक पोर्शनला आरसीसीबी. मग जमिनीतला चांगला अर्थ. मग प्रत्येक गीझरला बोर्डापासून आणलेली स्वतःची अर्थ वायर. आणि सगळ्यात शेवटी पाइप एकमेकांना आणि अर्थला बांधणं, म्हणजे बाँडिंग. सामाईक पाइपाच्या घरात हा शेवटचा टप्पा पहिला केला तर आपण शेजाऱ्याचा फॉल्ट आपल्या घरात बोलावतो.

आरसीसीबी आत गेलेला आणि परत आलेला करंट तोलून बघते. फेजमधून गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत आला तर ठीक. ३० मिलिअँपिअर जरी वाटेत कुठे जमिनीत गेला तरी खटका पडतो, सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत, आणि गळती मोठी असेल तर त्याहून खूप लवकर. तिला खड्डा उत्तम लागत नाही. ३८ ओहमच्या त्या कच्च्या खड्ड्यावरही ती बिनचूक पडली असती. पण ती ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळी लागतेच. आणि कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तिला तो माणूस बल्बच वाटतो.

महारानी रोडवरून ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरच्या दोन पोलच्या आरसीसीबी आणल्या. दुकानदाराने १०० मिलिअँपिअरची दाखवली होती, "ये बार-बार नहीं गिरेगी" म्हणून. ती आगीपासून संरक्षणाला ठीक, माणसासाठी नाही.

बसवल्या आणि खरी मजा सुरू झाली. काकांकडे मिक्सर लावला की खटका खाली. काकांना वाटलं नवी वस्तूच खराब. मिक्सरचं सॉकेट उघडलं तर आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिना बोटभर काळ्या वायरने एकमेकींना जोडलेल्या. कोणा एका काळी कोणा एका मिस्त्रीने, अर्थची वायर नाही म्हणून, ही युक्ती केलेली. न्यूट्रलमधून परतायच्या करंटातला थोडा या तुकड्यातून यंत्राच्या बॉडीमार्गे जमिनीकडे निसटला की आरसीसीबी पडणारच. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, यंत्र चालतं, आणि अर्थ पिन "भरलेली" दिसते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर फेज मिक्सरच्या मोटरमधून फिरून याच तुकड्यातून यंत्राच्या बॉडीवर येतो, पूर्ण २३० व्होल्टने. यंत्र बंद पडलेलं दिसतं, म्हणून माणूस ते उचलायला हात लावतो. असा तुकडा भाडेकरूंच्या फ्रिजच्या सॉकेटमध्येही निघाला. मला विचाराल तर जुन्या घरात बाकी काही करू नका, पण एखाद्या जाणत्या माणसाकडून मेन बंद करून अर्थ पिन असलेली सगळी सॉकेट्स एकदा उघडून बघून घ्या.

दुसरी भानगड जिन्यातल्या दिव्याची. तो लावला की आमची आणि काकांची, दोघांच्याही आरसीसीबी पडायच्या. फेज आमच्या बोर्डातून, न्यूट्रल काकांच्या. दोन भाऊ एकत्र असताना केलेलं वायरिंग, वाटणीनंतर कोण बघतो! दिवा आता आमच्या खात्यावर आहे, आणि काकांनी ते बिलात धरायचं नाही असं बजावून सांगितलं आहे.

मग जमिनीतलं काम. इंदूरची काळी माती अर्थला वाईट नाही, ओली असेपर्यंत. पावसाळ्यात ती फुगून इलेक्ट्रोडला घट्ट धरते. मे महिन्यात आकसते, तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि रॉडभोवती मातीऐवजी हवा उरते. जुना खड्डा मीठ-कोळशाचा होता. त्यात जीआयचा पाइप आणि भोवती कोळसा-मिठाचे थर असतात, वर पाणी ओतायला नरसाळं. मीठ दर पावसाळ्यात थोडं थोडं धुऊन जातं आणि जाता जाता पाइपही खातं. उकरल्यावर आमचा पाइप वरच्या फुटभरात चाळणीसारखा झालेला निघाला. आजोबा उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घातल्यावर एक बादली नरसाळ्यात ओतायचे, ते का, हे मला आत्ता कळलं.

आम्ही तांब्याचा मुलामा असलेले पोलादी रॉड घ्यायचं ठरवलं. तीन मीटर लांब, १७.२ मिलिमीटर जाड, २५० मायक्रॉनचा मुलामा. बाजारात पातळ मुलाम्याचे स्वस्त रॉडही मिळतात, ठोकतानाच त्यांचं तांबं सोलून निघतं. रॉड इमारतीपासून किमान दीड मीटर लांब हवेत, आणि दोन रॉडमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या दुप्पट हवं, म्हणजे एकाची माती दुसऱ्याच्या उपयोगाला जात नाही. हे पुस्तकात. आमच्या मागच्या अंगणात एक कोपरा ते दुसरा कोपरा धरून साडेचार मीटरच मिळाले. पहिला रॉड सहा फुटांपर्यंत लोण्यात शिरावा तसा गेला, मग मुरूम, मग कातळ. पुढे जाईना. माळव्याच्या काळ्या मातीखाली बसाल्टच आहे, तो कधी ना कधी लागणारच. शेवटी ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने, तिरकं भोक पाडून रॉड कलता घातला आणि भोवती बेंटोनाइटचा भरणा केला. ही माती पाणी धरून ठेवते आणि रॉडला सोडत नाही. एक रॉड १४ ओहम, दोन्ही मिळून साडेआठ. दोन पुरे असं ठरलं. मीटरच्या भिंतीवर तांब्याची एक पट्टी लावली, दोन्ही रॉड तिला आणि चारही पोर्शनच्या अर्थ वायरी तिच्यावरून. हे एकत्र असणं गरजेचं आहे: भाडेकरूंची अर्थ वेगळ्या खड्ड्यात आणि आमची वेगळ्या, असं असतं तर एकाच भिंतीतल्या दोन पाइपांवर दोन वेगळी व्होल्टेज येऊ शकली असती.

पाइपांचं काम सगळ्यात शेवटी, आणि ते एका दिवसात झालं. या टप्प्यावर माझा मावसभाऊ उपयोगी पडला. तो इंग्लंडमध्ये राहतो. तिकडे घरं गरम करायला बॉयलर असतो आणि त्यातून तांब्याचे पाइप खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत गेलेले असतात. त्याने व्हिडिओ कॉलवर बॉयलरच्या खालची बाजू दाखवली. गॅस, थंड पाणी, गरम पाणी, रेडिएटरचं जाणं-येणं असे पाच पाइप, आणि हिरव्या-पिवळ्या वायरने एका पाइपावरून दुसऱ्यावर उड्या मारत सगळे बांधलेले. प्रत्येक क्लॅम्पला पट्टी: सुरक्षेसाठीची विद्युत जोडणी, काढू नका. त्याचं म्हणणं, आता तिकडे बाथरूममधलं हे जादा बांधणं प्रत्येक वेळी लागत नाही. २००८ च्या नियमावलीपासून, सगळ्या सर्किटांना आरसीडी असेल आणि घरात शिरणारे पाइप मुख्य अर्थला नीट जोडलेले असतील तर ते टाळता येतं. आरसीडी म्हणजे आपली आरसीसीबी.

आणि कुठला पाइप बांधायचा, कुठला नाही, याचा त्यांचा निकषही आम्ही वापरला. पाइप आणि अर्थ पट्टी यांच्यामधला रोध मोजायचा. २२ हजार ओहमच्या वर असेल तर त्या पाइपातून माणसाला दहा मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट मिळू शकत नाही, मग त्याला बांधायची गरज नाही. गणित साधं आहे: २३० व्होल्टला दहा मिलिअँपिअरसाठी २३ हजार ओहम, त्यातून माणसाचे हजार वजा.

याप्रमाणे आमच्या नव्या बाथरूममधले, सीपीव्हीसीवर बसवलेले चकचकीत नळ मोजले, तर दीड-दोनशे हजार ओहम. पाइपातलं पाणी करंट नेतं, पण फार कंजूषपणे. या नळांना वायर बांधली असती तर फायदा काही नव्हता. उलट आत्ता जो नळ कशालाच जोडलेला नाही, तो अर्थला जोडला गेला असता, आणि दुसऱ्या हाताला कुठे करंट लागला तर त्याला जमिनीकडे जायची वाट मिळाली असती. गल्लीतला मिस्त्री मात्र दिसेल त्या धातूला वायर बांधायच्या मताचा होता, टॉवेलच्या दांडीलासुद्धा.

जीआयचे दोन्ही उभे पाइप मुख्य पट्टीला १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडले. प्रत्येक बाथरूममध्ये गीझरपाशी गरम पाइप, थंड पाइप आणि गीझरची बॉडी ४ चौरस मिलिमीटरने. गीझरला जोडलेल्या जाळीच्या लवचीक नळ्या धातूच्या दिसतात, पण आतून रबर असतं. त्यांच्या भरवशावर राहायचं नाही, त्यांच्या पलीकडच्या पाइपाला क्लॅम्प लावायचा. क्लॅम्पसाठी सियागंजात हिंडलो. प्लंबिंगच्या दुकानातले पत्र्याचे क्लॅम्प पाइप भिंतीला धरायला असतात, वायर घट्ट धरायला नाहीत. स्क्रूने वायर दाबणारे पितळी क्लॅम्प घेतले. आमच्या पाइपांवर ऑइलपेंटचे इतके थर होते की क्लॅम्प लावून मीटर लावला तर संपर्कच नाही. पॉलिश पेपरने रंग काढला, जस्ताचा मुलामा शाबूत ठेवून, क्लॅम्प आवळला, वर ग्रीस. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतही ढगाळ दिवसांसाठी दोन हजार वॅटचं एलिमेंट आहे, आणि त्याला अर्थच नव्हती. टाकी, स्टँड आणि तिथून उतरणारा पाइप तिघंही आता जोडलेत. यामुळे वीज पडण्यापासून संरक्षण मिळतं असं कोणी समजू नये, ते काम वेगळं. गॅसच्या पाइपाला आम्ही हात लावला नाही.

शेवटी प्रत्येक आरसीसीबी यंत्राने पाडून बघितली. आमची २२ मिलिअँपिअरला पडली. तिच्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. आम्ही एक तारखेला दाबतो. भाडेकरू जोडप्यातली मुलगी मोबाइलवर गजर लावून ठेवते आणि पहाटे सहाला दाबते, त्यामुळे तिच्या नवऱ्याचा अलार्मवाला दिवा बंद पडतो. ते त्यांचं त्यांनी बघावं.

मे महिन्यात माती भेगाळल्यावर रॉड पुन्हा मोजायला लावले. साडेआठचे बारा झाले होते. आरसीसीबीसाठी हे भरपूर आहे.

एक काम अर्धवट आहे. पुणेकरांचा पोर्शन बंद, आत आरसीसीबी बसवता येत नाही, आणि त्यांच्या बाथरूममधलं जीआय आमच्याच उभ्या पाइपाला जोडलेलं. तो तसाच बाँडिंगमध्ये घेतला असता तर उद्या ते आले, त्यांनी जुना गीझर लावला, आणि त्याची हिरवी वायर अजून पाइपालाच बांधलेली असली, तर पुन्हा पहिलंच पान. म्हणून त्यांच्याकडे जाणाऱ्या फाट्यात, त्यांच्या भिंतीच्या बाहेर, एक मीटरचा सीपीव्हीसीचा तुकडा घातला. त्याच्या दोन टोकांमध्ये पाणी भरलेलं असताना चाळीस हजार ओहम येतात. त्यांच्या मेन स्विचवर कागद चिकटवलाय, ग्रुपवर फोटो टाकलेत, आणि चुलत भावाचं उत्तर आलंय की दिवाळीला येऊ तेव्हा बघू. खर्चाची वाटणी मात्र त्यांनी लगेच पाठवली, रॉड आणि पट्टीची. सीपीव्हीसीच्या तुकड्याचे पैसे काका म्हणतात त्यांच्या नावावर, ते म्हणतात चौघांच्या.